होस्टेलची वळकटी कुणी बांधली?



बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या याद्या यायला लागतात, आणि आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी बदलते. एरवी बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना अशी कारणं असतात. जुलै-ऑगस्टात मात्र बैठक संपता संपता कुणीतरी हळूच जवळ येऊन म्हणतं, "ताई, पोरीचा शहरात नंबर लागलाय. होस्टेलला टाकायचीय. गादी घ्यायची, बादली घ्यायची, मेसचं डिपॉझिट भरायचं." गेल्या खेपेला आमच्या गटातल्या एका काकींनी याच कामाला पाच हजार मागितले. आमच्या सचिवबाईंनी वहीत कारणाच्या रकान्यात 'घरखर्च' असं लिहून टाकलं. मला ते खटकलं. घरखर्च म्हणजे तेल-मीठ. पोरीची गादी ही घरखर्चात कशी बसते? तेव्हा म्हटलं, आज रेडिओवर ह्याच गोष्टीचा इतिहास सांगू.

शिकायला परगावी जाणं आपल्याकडे काही नवं नाही. पुण्या-नाशकाला शिकायला जाणारी ब्राह्मणांची गरीब मुलं पूर्वी माधुकरी मागत, नाहीतर वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी. झोपायला कुणाची ओसरी. हलाखी होतीच, पण वाढणारी सात घरं तरी होती. कुणब्याच्या, धनगराच्या, दलितांच्या पोराला ही सात घरं कुठून मिळणार? सरकारनं शाळा सगळ्यांना उघडी म्हटलं, तरी रात्री पाठ कुठं टेकायची आणि भाकरी कोण देणार, ह्या दोन प्रश्नांवर खेड्यातल्या पोराचं शिक्षण अडत होतं. फी हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नेमकं हेच ओळखलं. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची बोर्डिंगं त्यांच्या मदतीनं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वेगळी बोर्डिंगं का, असं आज आपण विचारू. पण एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते, आणि पोरांनी तोवर थांबायचं का? महाराजांनी आधी पोरं गावातून बाहेर काढली, छपराखाली आणली. मला तरी त्यात चूक दिसत नाही.

ह्याच कोल्हापुरात कुंभोजचा एक मुलगा जैन बोर्डिंगात राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगितलं, आंघोळ करून मगच जेवायला बस. त्यानं साफ नकार दिला आणि बोर्डिंगातून त्याला बाहेर पडावं लागलं. तो मुलगा म्हणजे आपले कर्मवीर भाऊराव पाटील. ज्याला एका बोर्डिंगातून काढलं, त्यानं पुढं गावोगाव बोर्डिंगं काढली!

१९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात जरा कमी असतं ते असं, की ह्या पोरांना रोज भाकरी थापून कोण घालत होतं?

लक्ष्मीबाई पाटील, भाऊरावांच्या पत्नी. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेली बाई. तिच्या चुलीपुढं एक दिवस सगळ्या जातींची पोरं येऊन बसली. तिला हे एका दिवसात पटलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही-आम्ही स्वतःच्या स्वयंपाकघराकडं बघितलं तर कळेल, चुलीजवळचा रिवाज मोडणं किती अवघड. पण तिनं तो मोडला आणि ती त्या पोरांची आई झाली. धान्य संपलं, उधारी मिळेना, तेव्हा अंगावरचं एकेक सोनं गेलं. शेवटी मंगळसूत्रही गेलं. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं, तेही शंभर वर्षांपूर्वी! सोन्याच्या किमतीपेक्षा लोकांच्या नजरेची किंमत जास्त मोजावी लागली असणार. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. त्या पोरांतली कितीतरी पुढं मोठी झाली, ते बघायला ती माउली नव्हती.

अशीच एक हकिकत रमाबाई आंबेडकरांची सांगतात. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ साली सोलापुरात दलित मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. पुढं धारवाडलाही वसतिगृह निघालं. ते वराळे सांभाळत. रमाबाई हवापालटासाठी त्यांच्याकडं गेल्या होत्या. अंगणात रोज खेळायला येणारी पोरं दोन दिवस दिसली नाहीत. चौकशी केली तर कळलं, अनुदान आलं नाही, धान्य संपलंय, पोरं उपाशी आहेत. रमाबाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या आणि म्हणाल्या, ह्या घ्या आणि आधी पोरांच्या पोटाचं बघा. स्वतःची चार लेकरं गमावलेली ती बाई.

सातारा कुठं, धारवाड कुठं. दोघींची कधी गाठ पडली असेल असंही नाही. पण वसतिगृहाच्या कोठीत धान्य संपलं तेव्हा दोन्हीकडं दागिने बाईच्या अंगावरूनच उतरले.

दागिने नव्हते त्या बायांनी मूठ दिली. दळायला बसण्याआधी सुपातलं एक मूठ धान्य बाजूला काढून मडक्यात टाकायचं, आणि बोर्डिंगची माणसं आली की ते मडकं त्यांच्या पोत्यात रिकामं करायचं. ह्याला मुष्टिफंड म्हणत. आपल्या गटाची महिन्याची बचत आणि ती मूठ, मला तरी एकाच जातकुळीतल्या वाटतात. मुठीची मात्र पासबुकात नोंद नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पोरांचं झालं. पोरींचं काय?

पोरींचं सुरू झालं ते विधवांपासून. ज्या पोरीचं लग्न व्हायचं होतं तिला घराबाहेर कोण ठेवणार? आणि जिचा नवरा मेला ती घरात कुणालाच नको होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं. पैसा आला तो अमेरिकेतल्या बायांनी काढलेल्या वर्गणीतून. सदनात राहायला येणारी पहिली विधवा होती कोकणातल्या देवरुखची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, आणि तीन महिन्यांत नवरा गेला. पुढं बऱ्याच वर्षांनी भावानं तिला मुंबईला आणलं आणि सदनात घातलं. तिच्या बोचक्यात काय असणार? विधवेला ना रंगीत लुगडं, ना बांगडी, ना आरसा. खरेदीचा प्रश्नच नव्हता. बापाचा आणि भावाचा होकार, हेच तिचं सामान. पुढं सदन पुण्याला गेलं. १८९३ साली तिथं धर्मांतराची ओरड झाली आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. पोरीचं शिक्षण असं एका आठवड्यात गुंडाळलं जाऊ शकतं, हे तेव्हाही खरं होतं.

ह्याच गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. प्लेगमुळं तो १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तेव्हा तिथं माळरान आणि एक झोपडी. कर्वे दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात शिकवत आणि आश्रमाचं सामानसुमान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याला चालत येत. त्यांनी आपल्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. बायांना ते आवडलं नाही. घरात पोरं आहेत, उद्या काही झालं तर काय, असं त्यांचं म्हणणं. मला बाया पटतात. थोर माणसाच्या घरातला हिशेब बाईलाच जुळवावा लागतो. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवा. आश्रमात शिकली, आश्रमाची व्यवस्था बघू लागली आणि मग झोळी घेऊन वर्गणी मागत गावोगाव फिरली. १९१८ साली तर ती अमेरिकेला गेली, इंग्रजी धड येत नसताना. आज पोरीला तालुका सोडून पाठवताना आपल्या पोटात गोळा येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सामानाचं बोलायचं तर बोर्डिंगच्या काळात फार काही नसे. घोंगडी, वाकळ, ताट-तांब्या, दोन कपडे, सगळं एका वळकटीत. पुढं पत्र्याची ट्रंक आली, तिला कुलूप आलं. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. एसटी जशी खेड्यात पोचली तसा एक नवाच रिवाज पडला. तालुक्याला किंवा जिल्ह्याला खोली करून राहणाऱ्या पोराचा जेवणाचा डबा रोज पहाटेच्या गाडीनं जायचा. आई पहाटे चारला उठून भाकरी करायची, फडक्यात डबा बांधायची, त्यावर नाव लिहायचं आणि कंडक्टरच्या हवाली करायचा. स्टँडवर पोरगं उभं असायचं. कालचा रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. आज साहेब झालेली कितीतरी माणसं त्या डब्यावर शिकली. पण डबा बहुतेक पोराच्या नावाचा असायचा. पोरीला खोली करून कोण ठेवतंय?

मला स्वतःला होस्टेल मिळालं ते गावात पुढचे वर्ग नव्हते आणि मामा हट्टाला पेटला म्हणून. आईनं तिच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून दिली. वर्गातल्या मुलींकडं रंगीत चादरी, माझ्याकडं वाकळ. पहिले सहा महिने मी ती चादरीखाली दडवून अंथरली. हिवाळ्यात मात्र शेजारच्या कॉटवरची मुलगी थंडीनं कुडकुडत माझ्या वाकळीत शिरली, आणि मग ती दडवायचं कारणच राहिलं नाही.

आता आजची यादी. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात, घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आणि अटींत बसणाऱ्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली. चांगलंच झालं. पण होस्टेल, मेस, गादी आपल्याच अंगावर राहिली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे तेच दोन प्रश्न, पाठ कुठं टेकायची आणि भाकरी कोण देणार. त्यासाठी समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. तिथं नंबर लागला तर राहणं-जेवण फुकट, अंथरूण-पांघरूणही मिळतं. तिथं जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांना स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि बँकेला जोडलेलं आधार हे गादीच्या आधी तयार ठेवा.

आणि खरेदीला एकदम सुटू नका. होस्टेल काय देतं ते आधी विचारा. खाट असेल तर तिचं माप घ्या. बहुतेक तीन बाय सहाची असते, आपली घरची गादी तिच्यावर बसत नाही. बादली, मग, दोरी, चांगलं कुलूप, विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड हे तिथल्याच बाजारात घ्या, इथून ओढत नेऊ नका. इथून न्यायचं ते तिथं मिळत नाही ते: शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, मेतकूट आणि पांघरूण. पाळीचं कापड किंवा पॅड महिन्याचे पुरतील इतके बरोबर द्या, ते मागायला पोरी लाजतात. मैत्रिणीकडं आहे म्हणून ट्रॉली बॅगच पाहिजे असं पोरगी म्हणाली, तर रागवू नका. तिची ती बॅग म्हणजे माझी चादर.

काकींचा अर्ज पुढच्या बैठकीत पुन्हा निघाला. वहीतला 'घरखर्च' शब्द खोडायला सचिवबाई आधी तयार नव्हत्या. खाडाखोड केली तर बँकेचा साहेब विचारतो म्हणे. शेवटी खाडाखोडीवर अध्यक्षांची सही घेतली आणि समोर लिहिलं, 'मुलीचे वसतिगृह'. काकी मंगळवारी सकाळच्या सातच्या गाडीनं निघाल्या. गादीला एसटीत लगेजचं वेगळं तिकीट काढावं लागलं, तेवढे पैसे त्यांनी धरले नव्हते. ते आम्ही स्टँडवरच गोळा केले.