आधी ओळख, मग प्रवेश

पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावली की ती 'माउंट' झाली असं जाणकार म्हणतात. हा शब्द अंगमेहनतीतून आलेला आहे. १९६०च्या दशकात माहिती मॅग्नेटिक टेपच्या जाडजूड रिळांवर असे आणि रीळ यंत्रावर चढवायला माणूस लागे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे अजस्र यंत्र आलं, ते याच टेपांच्या जमान्यातलं.

आता चढवणाऱ्याने भलतंच रीळ चढवलं तर? यंत्र त्यावर लिहीत सुटणार आणि कुणाचं तरी महिन्याभराचं काम पुसलं जाणार. म्हणून आयबीएमच्या सिस्टिम ३६० यंत्रांवर टेपच्या अगदी सुरुवातीला 'व्हीओएल१' अशी खूण आणि पाठोपाठ रिळाचा क्रमांक लिहिण्याची पद्धत होती. यंत्र आधी ते वाची. जुळलं नाही तर ऑपरेटरकडे दुसरं रीळ मागे.

गंमत अशी, की हे शहाणपण पुढे सगळ्यांनी घेतलं नाही. डिस्क म्हणजे नुसते क्रमांक घातलेले कप्पे. कुठल्या कप्प्यात काय आहे आणि मोकळे किती, याची जी वही डिस्कवरच असते ती फाइल सिस्टिम. तिचं मुख्य पान म्हणजे सुपरब्लॉक. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ मध्ये आली, तेव्हा या पानावर ओळखीची खूणच नव्हती. 'चढव' म्हटलं की यंत्र चढवी. कोरी डिस्क असो की दुसऱ्याच पद्धतीची, पहिल्या पानावर जे आकडे दिसतील ते खरे!

बर्कलीच्या विद्यापीठात कर्क मक्युसिक यांनी नवी फाइल सिस्टिम रचली. १९८३ मध्ये ती सर्वांच्या हाती आली. तिच्या मुख्य पानावर एक ठरावीक आकडा असे, ०११९५४. तो दिसला तरच पुढे जायचं. हा आकडा म्हणजे त्यांची जन्मतारीख, १९ जानेवारी १९५४! मला याहून मोलाची वाटते ती त्यांची दुसरी युक्ती. मुख्य पानाच्या प्रती त्यांनी डिस्कवर ठिकठिकाणी ठेवल्या.

पण ओळख पटली म्हणजे प्रकृती ठीक आहे असं नव्हे. आमच्या केळव्याच्या किनाऱ्यावर होडीवर नंबर रंगवलेला असतो. त्यावरून होडी कुणाची ते कळतं, तळाची फळी फुटली आहे का ते कळत नाही. ते तांडेलाला वाकून बघावं लागतं. कॉम्प्युटरचंही तसंच. लिहिता लिहिता वीज गेली (पावसाळ्यात आपल्याला हे सांगायला नको) की वही अर्धवट राहते. एकच कप्पा दोन फाइलींच्या नावावर चढतो, एखादा कुणाच्याच नाही. युनिक्सवर हा हिशेब जुळवणारा 'एफएससीके' हा प्रोग्रॅम टेड कोवाल्स्की यांनी लिहिला. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी तासन्‌तास चालू लागली. मग तोड निघाली: काय करणार आहोत ते आधी वेगळ्या रोजनाम्यात लिहायचं, मग करायचं. विंडोज एनटीने १९९३ मध्ये हे आणलं, लिनक्समध्ये २००१ मध्ये एक्स्ट३ आलं.

इतकं सांगण्याचं कारण पडद्यावर येणारी एक सूचना. 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?' लोक घाबरून 'हो' म्हणतात. खरं तर यंत्राला एवढंच म्हणायचं असतं, की मला खूण सापडली नाही. आतला मजकूर गेला असं त्याने पाहिलेलंच नसतं. 'हो' म्हटलं की मात्र जुन्या वहीच्या जागी कोरी वही येते.

केळव्यात आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या लग्नाच्या फोटोंचं ३२ जीबीचं कार्ड घेऊन आल्या, तेव्हा नेमकी हीच सूचना येत होती. सुदैवाने त्यांनी अजून काही दाबलं नव्हतं. पहिल्या कप्प्याच्या शेवटी ५५ एए ही खूण हवी, तिथे नुसती शून्यं होती. पण फॅट३२ या पद्धतीत त्या पहिल्या कप्प्याची एक प्रत सहसा सहा क्रमांकाच्या कप्प्यात ठेवलेली असते. आधी सबंध कार्डाची नक्कल काढून घेतली आणि त्या नकलेत ती प्रत पहिल्या जागी बसवली. पहिलाच फोटो उघडला तो हळदीचा.