मास्तर व्हायचं नसेल तर शिक्षणशास्त्र कशाला?

आजचा भाग एका प्रश्नातून निघालाय. सांगलीहून एका श्रोत्या मुलीनं विचारलंय : "ताई, बीएला मेजर अर्थशास्त्र आहे. मायनरच्या यादीत शिक्षणशास्त्र दिसतंय. घ्यावंसं वाटतं, पण घरी म्हणतात, बीएड करायचं नसेल तर हे कशाला?"

आधी रोकडं उत्तर देते. मायनर शिक्षणशास्त्र घेतलं म्हणून शाळेत नोकरी मिळत नाही. त्यासाठी बीएड किंवा नवीन चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, तो वेगळा. तेव्हा घरचे हिशेबाच्या बाजूनं चुकत नाहीयेत. पण "मास्तर व्हायचं नसेल तर कशाला" हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलंय, त्याला इतिहास आहे. आणि तो मला मोठा गंमतीशीर वाटतो.

आपल्याकडे शिक्षण हा विषय आला तोच मुळी शिक्षक घडवायच्या गरजेतून. नॉर्मल स्कूल हा शब्द तुम्ही सावित्रीबाईंच्या चरित्रात वाचला असेल. फ्रेंचांकडून आलेला शब्द. नॉर्म म्हणजे नमुना, आदर्श. चांगला शिक्षक कसा असतो त्याचा नमुना दाखवणारी शाळा. मुंबईत 1845 मध्ये अशा वर्गाची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. तिथे शिकवायचं कसं हे शिकवत. शाळा कोणासाठी, तिचा खर्च कोणाच्या खिशातून, हे प्रश्न तिथे यायचं कारणच नव्हतं.

आता जरा मद्रासला जाऊ. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री 1789 मध्ये तिथल्या लष्करी अनाथालयातली शाळा बघायला लागला. त्याला देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना दिसली. म्हणजे आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटीच की! त्यानं ते आपल्या शाळेत आणायचं ठरवलं, पण शिक्षकांनी दाद दिली नाही. मग त्यानं आठ वर्षांच्या एका मुलालाच खालच्या वर्गावर बसवलं. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, ही 'मद्रास पद्धत'. 1797 मध्ये त्यानं लंडनला त्यावर पुस्तक छापलं, पद्धत गाजली, आणि फिरून ती मुंबईच्या शाळांतही आली. विलायती म्हणून!

बेल 1832 मध्ये वारला. त्याच्या मागे राहिलेल्या निधीतून 1876 मध्ये एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज या विद्यापीठांत शिक्षण या विषयाची प्राध्यापकपदं निघाली. ब्रिटनमधल्या विद्यापीठांतली ही पहिली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं 1879 मध्ये तसंच पद काढलं, पण नाव ठेवलं 'अध्यापनाचं शास्त्र आणि कला'. अध्यापनाचं, बरं का. विषय विद्यापीठात आला तरी मास्तरकीचं बोट धरूनच आला.

आता पुण्याला या. साल 1882. हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबरला आपलं निवेदन दिलं. मला विचाराल तर मराठी माणसानं शिक्षणशास्त्राचा पहिला पेपर तिथे लिहिला. शेतकऱ्याच्या घामातून सारा जमा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य मुद्दा. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक प्रशिक्षित हवेत, शक्यतो शेतकरी समाजातले हवेत, आणि त्यांना महिना 12 रुपयांच्या खाली पगार नको. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, आणि शेती व आरोग्यही हवं. यात फळ्यावर कसं लिहावं याबद्दल काही नाही. पैसा कुठून येतो, कुठे जातो, वर्गात कोण बसतं आणि कोण बसत नाही, याबद्दल आहे. जोतीरावांनी शाळा चालवल्या होत्या हे खरं, पण हे निवेदन नागरिक म्हणून आहे. सांगलीच्या मुली, तुझं अर्थशास्त्र आणि शिक्षण इथे एकत्र आलेलं दिसतंय का?

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. कोलंबियात 1913 ते 1916 या काळात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण ते जॉन ड्यूईंच्या वर्गांनाही बसले. ड्यूईंचं लोकशाही आणि शिक्षण यांची सांगड घालणारं पुस्तक 1916 चंच. वीस वर्षांनी, 1936 मध्ये, जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात बाबासाहेब ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून करतात. पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945 ची, सिद्धार्थ कॉलेज 1946 चं. आता हे त्या वर्गांमुळेच झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. बाबासाहेबांना शाळेनं काय भोगायला लावलं होतं ते आपल्याला माहीत आहे.

या विषयाला मास्तरकीपासून सोडवायचा सरकारी प्रयत्नही झाला होता, आणि त्यात एक कोल्हापूरकर होता. कोठारी आयोग, 1964 ते 66. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, पदार्थविज्ञानवाले. सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. नुरुल्ला आणि नाईक यांचा ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास ज्यांनी वाचलाय त्यांना हे नाव नवीन नाही. आयोगाच्या अहवालात शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रकरणात एक शिफारस आहे, सहज नजरेतून सुटावी अशी. शिक्षण हा विषय अध्यापनशास्त्राहून वेगळा, स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून मान्य करा, आणि पदवी व पदव्युत्तर पातळीवर ऐच्छिक विषय म्हणून ठेवा. 1966 मध्ये! तुझ्या मायनरची कल्पना इतकी जुनी आहे.

झालं काय? बंगालमध्ये बीएला एज्युकेशन हा विषय रुजला, तिथे त्यात ऑनर्स करणारी मुलं सर्रास भेटतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिक्षणशास्त्र म्हणजे बीएड-एमएड, आणि ती कॉलेजं गावाच्या एका टोकाला, वेगळ्या इमारतीत. अर्थशास्त्राच्या पोरांनी तिकडे फिरकायचं काही कारणच उरलं नाही. आता 2020 च्या धोरणानंतर मायनरच्या रूपानं ते दार किलकिलं झालंय.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक काम कर. विभागात जाऊन अभ्यासक्रमाचा कागद माग. त्यात नुसतं पाठ टाचण, फलकलेखन, प्रश्नपेढी असेल, तर ते बीएडचंच पातळ केलेलं ताक आहे. घरच्यांचं ऐक, दुसरं काही घे. पण शिक्षणाचा इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणावरचा खर्च, धोरणं असं काही असेल तर घे.

आणि घरी विचारलं ना, की याचा उपयोग काय, तर त्यांना शाळा व्यवस्थापन समितीबद्दल सांग. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती आहे. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष त्यांनी ठेवायचं. यातल्या कोणालाच मास्तर व्हायचं नसतं. वीसच्या आत पट असलेल्या शाळेचं काय करायचं हा वाद आज गावोगाव आहे. तेव्हा या समितीतल्या बाईपुढे कागद येतो आणि सही कर म्हणतात. तो कागद वाचायचा कसा, हे तिला कोणी कुठे शिकवलंय?

फुल्यांचं निवेदन पुढच्या भागात सविस्तर घेऊ. विशेषतः त्यातला मुलींच्या शाळांचा भाग, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आणि सांगलीच्या मुली, काय घेतलंस ते कळव.