हॉटेलची पायरी आणि आपली चूल

आपल्याकडे खाण्यापिण्याचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा पदार्थांचा इतिहास असतो. मिरची कुणी आणली, बटाटा कधी आला, चहा कधी रुळला, एवढे सांगून तो थांबतो. तो पदार्थ कोण, कुठे बसून, कुणाच्या भांड्यातून खाऊ शकत होता, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. वास्तविक रोटीबंदी आणि बेटीबंदी हे जातिव्यवस्थेचे दोन खांब. बेटीबंदीवर पुष्कळ लिहिले गेले. रोटीबंदी मात्र आगगाडी आली, हॉटेले आली आणि आपोआप गळून पडली, असा एक सोयीस्कर समज शिक्षितांत आहे. तो तपासून पाहण्याची गरज आहे.

मी इतिहास शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. परीक्षेच्या कामासाठी, चर्चासत्रांसाठी, विद्यार्थ्यांच्या सहलींसाठी हिंडणे होते आणि जिथे जाईन तिथली मटणाची खानावळ शोधून काढणे हा माझा जुना छंद आहे. या छंदातूनच हा विषय माझ्यापुढे उभा राहिला. कारण ज्या सहजतेने मी आज एखाद्या खानावळीचा पडदा सारून आत शिरतो आणि बाकावर बसतो, ती सहजता माझ्या आजोबाला नव्हती. मग ती माझ्यापर्यंत आली कशी?

प्रवासापासूनच सुरुवात करू. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघालेल्या लहानग्या भीमरावाच्या प्रवासाची हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण तिच्यातील गाडीवानाचा प्रसंग वारंवार सांगतो. परंतु तिच्यातील एक गोष्ट खाण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मुलांजवळ शिदोरी होती. अन्न भरपूर होते, भूकही होती. पण पाणी कुणी देईना म्हणून ती मुले उपाशी निजली. म्हणजे अस्पृश्याच्या बाबतीत भुकेचा प्रश्न अन्नाच्या टंचाईपुरता कधीच नव्हता. भाकरी जवळ असूनही ती खाता येऊ नये, अशी ही रचना होती.

१९१७ मध्ये परदेशातील विद्या घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीस आले तेव्हा राहण्याजेवण्यासाठी त्यांना पारशी नाव धारण करून एका पारशी विश्रामगृहात आसरा घ्यावा लागला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ज्या माणसाला न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये कुणी जात विचारली नव्हती, त्याला आपल्या देशात जेवणाच्या ताटासाठी नाव बदलावे लागले. १९३४ साली दौलताबादच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून जमाव धावून आला, तो मुसलमानांचा होता. या दोन घटना मी मुद्दाम एकत्र ठेवतो. पारशी आणि मुसलमान यांच्या हॉटेलांत आपल्याला बसता येई, असे जुनी माणसे सांगतात. ते पुष्कळ अंशी खरेही असेल. परंतु जातीचे विष धर्माची वेस ओलांडून गेले होते, हेही विसरून चालणार नाही.

आता हॉटेलकडे येऊ. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात चहाच्या दोन पेल्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. पहिला पेला पुण्याच्या पंचहौद मिशनमधला. १८९० साली तेथे शहरातील नामवंत मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, पुढे ती बातमी छापली गेली आणि एवढा गदारोळ झाला की प्रकरण धर्मपीठापर्यंत जाऊन काहींनी प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणावर पाने भरभरून लिहिली गेली आहेत. दुसरा पेला कोल्हापूरचा. संस्थानच्या पागेतील सेवक गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणारांना शासन केले आणि गंगारामना चहाचे दुकान काढून दिले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावू लागले.

या दोन पेल्यांत फरक काय? पंचहौदच्या चहात प्रश्न होता सवर्णांच्या शुद्धतेचा. गंगारामच्या चहात प्रश्न होता माणसाच्या धंद्याचा, म्हणजे पोटाचा आणि प्रतिष्ठेचा. अस्पृश्य हा हॉटेलात बसणारा गिऱ्हाईक होऊ शकतो, त्याहून पुढे जाऊन तो हॉटेलचा मालक होऊ शकतो, हे कोल्हापुरात प्रथम दिसले. आमच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र पहिल्या पेल्याला प्रकरण दिले आणि दुसऱ्याला एखादे वाक्य.

आगगाडीने सर्वांना एका डब्यात बसवले हे खरे. पण स्टेशनावर हिंदू पाणी वेगळे होते, मुसलमान पाणी वेगळे होते आणि उपाहारगृहेही वेगळी होती. गिरणीने सर्वांना एका छपराखाली आणले हेही खरे. परंतु मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या मजुरीचे साच्याचे काम अस्पृश्याला मिळत नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या ओठाला लागलेला धागा दुसऱ्याच्या ओठाला लागणे मान्य नव्हते. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. म्हणजे यंत्रयुगातही विटाळ ओठांवर येऊन बसलेलाच होता. गिरणगावातल्या खानावळींचीही तीच गत. घरदार गावी ठेवून आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या त्या कष्टकरी बायांचे ऋण मोठे आहे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केले. पण खानावळीत कोण जेवणार हे बहुधा गाव आणि जात पाहूनच ठरे.

आता मांसाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण आपल्या बाबतीत तो सर्वांत नाजूक आहे.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, शिळेपाके मागणे सोडा असे बजावून सांगितले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले आणि नंतर मंदिरप्रवेशाची खोटी आवई उठवून जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला. त्या वेळी लोक जेवायला बसले होते. त्यांना मारझोड झाली आणि अन्न मातीत कालवले गेले. मला हा योगायोग वाटत नाही. जो समाज कालपर्यंत गावाने फेकलेले खात होता, तो स्वतः रांधलेले अन्न पंक्तीने, सन्मानाने जेवू लागला होता. व्यवस्थेला नेमके तेच सोसले नाही. अस्पृश्याने फुटक्या भांड्यांतून खावे, असे सांगणारी मनुस्मृती त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच जाळली गेली.

माझी आजी मराठवाड्यातल्या महारवाड्यात नांदली. मांसाच्या लांब पट्ट्या कशा कापायच्या, हळदमीठ लावून दोरीवर कशा वाळवायच्या, त्या चान्या मडक्यात कशा टिकवायच्या आणि पावसाळ्यात हाताला काम नसे तेव्हा निखाऱ्यावर भाजून किंवा डाळीत घालून त्यांचे कोरड्यास कसे करायचे, हे ती बारकाईने सांगे. रक्ती, वजडी, मुंडी, खूर यांतले काहीही वाया जात नसे. प्रत्येकाला वेगळा वेळ, वेगळा मसाला. हे एक शास्त्रच होते. भुकेने ते घडवले आणि बायांच्या पिढ्यांनी ते जोपासले. पण मेलेले ढोर ओढायला गेलेल्या बापाला गावाने कसे हाक मारली, हे सांगताना तिचा आवाज बदलत असे.

बाबासाहेबांच्या आदेशाचा अर्थ येथे लागतो. त्यांचा विरोध मांसाला नव्हता. ढोर ओढणे ही गावकीची वेठ होती आणि मृतमांस हा त्या वेठीचा मोबदला होता. मोबदला नाकारल्याशिवाय वेठ सुटत नाही. ही वतने पुढे १९५८ च्या कायद्याने संपली. लोकांनी त्यांतले मृतमांस त्याआधीच, पोटाला चिमटा घेऊन, अनेक गावी टाकले होते. १९४८ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसभक्षणाचा प्रश्न मध्यभागी आणला आणि एकेकाळी ब्राह्मणही गोमांस खात होते, हे वैदिक ग्रंथांच्या आधारे दाखवले. शेवटच्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. यावरून शाकाहार म्हणजेच धम्म, असे जे आपल्यातले काही जण हल्ली सांगतात, ते निदान बाबासाहेबांच्या नावावर सांगू नये. १९२७ मध्ये आपण सोडली ती लाचारी. त्या दिवसापासून काय खायचे हे गावाने ठरवायचे नाही, आपण ठरवायचे, असा तो ठराव होता. हॉटेलात बसण्याचा हक्क आणि मृतमांस सोडणे या दोन्ही मागण्यांचे मूळ एकच आहे: आपले ताट आपण निवडणे.

या मागणीला संविधानाने शब्द दिले. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तर हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. १९७६ मध्ये हाच कायदा कडक होऊन नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. कायद्याला भांड्यांचा वेगळा उल्लेख का करावा लागला, हे ज्यांनी गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली कान तुटकी कपबशी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. १९७२ पासून बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम चालवली. प्रजासत्ताकाच्या बावीस वर्षांनंतरही तिची गरज होती, यातच सर्व आले.

आज ती कपबशी बहुतेक ठिकाणी गेली. मी नागपूरला कोष्टी समाजाच्या सावजी खानावळीत घाम पुसत जेवलो. कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी प्यालो. छत्रपती संभाजीनगरला नान-खलिया खाल्ला. कुणी जात विचारली नाही. हा पालट लहान नाही आणि तो कुणाच्या कृपेने झालेला नाही. परंतु खाता खाता पाट्या वाचण्याची सवय लागली. सावजी, मराठा, आगरी, मालवणी, सीकेपी: समाजाच्या आणि प्रदेशाच्या नावाने जेवण विकले जाते आणि लोक हौसेने खातात. मात्र ज्या वाड्यावस्तीत मांस रांधण्याचे सर्वांत सूक्ष्म ज्ञान होते, तिच्या नावाची पाटी मी तरी कुठे पाहिली नाही. वजडी आणि मुंडी आता ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने मिळते. पदार्थ आमच्या वाड्यातूनही वर आला. त्याला नाव मात्र गावाचे मिळाले.

आणि समोरच्याचे मन? एका सहलीत धाब्यावर कोंबडीवर ताव मारता मारता शेजारच्या सहकाऱ्याने मला हळूच विचारले, “सर, तुमच्याकडे ‘ते’ पण चालतं ना?” तालुक्याच्या गावी घर शोधताना एका मालकाने “शाकाहारी असाल तर बघू” असे सांगितले, त्यांनी आधी आडनाव विचारले होते. देशातील पंधरा वर्षांवरील सुमारे ७१ टक्के लोक मांसाहारी आहेत, असे २०१४ च्या सरकारी पाहणीत आढळले. तरी पाटीवर ‘शुद्ध’ हा शब्द शाकाहारालाच लागतो. मग उरलेले सर्व अशुद्ध काय? २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली; २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. ताट निवडण्याचा प्रश्न संपलेला नाही, याचा याहून वेगळा पुरावा नको.

तेव्हा करायचे काय? आपल्या आत्मकथनांनी भुकेचा इतिहास लिहिला. चुलीचा लिहायचा राहिला आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची नोंद करून वाट पाडली. परंतु विदर्भ, खानदेश, कोकण येथील नोंदी कोण करणार? जे जाणतात त्या बाया आता ऐंशीच्या घरात आहेत. मी माझ्या वर्गातील मुलामुलींना यंदा हेच काम दिले आहे: घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारा, तुम्ही काय खात होता, ते कोण देई, काय देऊन देई, आणि कोणते खाणे तुम्ही कधी व का सोडले. काही मुलांनी वह्या कोऱ्याच परत आणल्या. घरी विचारायची लाज वाटली, असे ती म्हणाली. ही लाज आपली नाही. ज्यांनी ढोर ओढायला लावले त्यांची ती आहे. मी त्या वह्या परत केल्या आणि पुन्हा विचारून यायला सांगितले. आतापर्यंत अकरा भरून आल्या आहेत.