शिरगणती आणि जमीन

महानगराची लोकसंख्या वाढली की जमिनीवरचा ताण वाढतो आणि जमिनीचा वापर बदलतो, असे मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो. विधान निरुपद्रवी आहे, परीक्षेत त्याला पाच गुणही मिळतात. पण ते उच्चारताना माझी जीभ अडखळते. माझे आजोबा परळच्या ज्या गिरणीच्या रिंगखात्यात राबले, तिच्या जागी आज मनोरा उभा आहे, आणि आमचे बिऱ्हाड मानखुर्दला आहे. हा बदल लोकसंख्येने घडवला काय?

सरकारी शिरगणतीलाच विचारू. 1891 साली मुंबईत 8 लाख 21 हजार माणसे होती. 1896 ला प्लेग आला, माणसे मेली, गावाकडे पळाली. 1901 ला आकडा 7 लाख 76 हजारांवर उतरला. नेमक्या याच काळात, 1898 साली, सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हे त्याचे काम. म्हणजे शहर रिकामे होत असतानाही गरिबाची जमीन बदलली जात होती.

आता अलीकडचा काळ. 1971 साली मुंबई बेटावर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, 30 लाख 70 हजार लोक राहत होते. 2011 ला किती? 30 लाख 85 हजार. चाळीस वर्षांत पंधरा हजारांची भर! आणि याच बेटावर याच काळात गिरण्यांची धुरांडी पडली, मॉल आणि मनोरे आले. लोकसंख्या वाढली ती उपनगरांत, 29 लाखांवरून 93 लाखांवर. ज्या जमिनीचा वापर इतका आमूलाग्र बदलला, तिथे माणूस वाढलेला नाही. एक माणूस गेला आणि दुसरा आला.

जाणारा कोण हे सर्वांना ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाचा. 2001 साली त्यात दुरुस्ती झाली. वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे पडायचे. गिरणीची शेड पाडून निघालेली जमीन त्यात धरायची नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. इथे शिरगणतीचा संबंध कुठे येतो? एका कलमातल्या काही शब्दांनी हे काम केले.

परंतु आपल्या माणसांची कथा इथे सुरू होत नाही. आमचे डावे मित्र गिरणगावाचा इतिहास लिहितात तेव्हा सगळा कामगार एकाच मुशीतून निघाल्यासारखा दिसतो. विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो यामुळेच. आजोबा रिंगखात्यातच का राहिले, याचे उत्तर मला बापाकडून नव्हे, ग्रंथालयात मिळाले.

कमी पगाराच्या माणसाला घरही तसेच मिळते. 1920 च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने 207 बीडीडी चाळी बांधल्या, त्यातल्या 121 वरळीला. खोली 160 चौरस फुटांची. सुरुवातीला बऱ्याच खोल्या ओस होत्या. पुढे त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने आला. आजोबा तिथे पोटभाडेकरू होते. संपानंतर भाडे थकले आणि खोली सुटली. आज त्या चाळींच्या जागी 500 चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. ती मिळालीच पाहिजेत, पण ज्याच्या नावाने पावती फाटत होती त्याला ती मिळतात. पोटभाडेकरूच्या नावाची पावती कधी फाटलीच नाही.

मग आम्ही मानखुर्दलाच का आलो? शहराने जे जे नको म्हटले ते याच दिशेला येत गेले. देवनारला 1927 पासून शहराचा कचरा पडतो. 1971 साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवला. 1976 च्या मे महिन्यात, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी उठवून हजारो माणसे चिता कॅम्पच्या दलदलीत टाकली. गावात महारवाडा कुठे असतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की गावाची वेस जागची हलत नाही. शहराची वेस पुढे सरकते, आणि कालची कड आज मोक्याची होते. मग तिथल्या माणसाला पुढच्या कडेला जावे लागते.

गेल्या वर्षी मी वर्गात मुलांना तीन पत्ते लिहायला सांगितले: आजोबांचा, बापाचा आणि स्वतःचा. परळ, गोवंडी, टिटवाळा. नायगाव, मानखुर्द, अंबरनाथ. एका मुलीने चौथा पत्ताही लिहिला. तिची आजी कामाला जाते त्या मनोऱ्याचा, आणि तो वरळीतला होता.