वधूची एल आणि बारा स्ट्राइक माल्ट

लग्नात मद्य किती असावे, हे १५७३च्या सुमारास इंग्लंडमधील हेल्सओवेन येथे जहागिरीच्या न्यायसभेने ठरवून दिले. लग्नाची ‘एल’, म्हणजे जवाची बिअर, विक्रीसाठी बनवणाऱ्याने बारा ‘स्ट्राइक’हून अधिक माल्ट वापरू नये, जेवायला चौघाचौघांचे आठच गट असावेत, हुकूम मोडल्यास दंड वीस शिलिंग.

यातला ‘विक्रीसाठी’ हा शब्द महत्त्वाचा. पाहुणे ही एल पैसे मोजून पीत आणि तो गल्ला नवदांपत्याच्या संसाराचे भांडवल होई. एका अर्थी हा आहेरच, फक्त पेल्यातून दिलेला! इंग्रजीतील ‘ब्रायडल’ हा शब्दही मुळात ‘ब्राइड-एल’, वधूची एल. त्यामुळे गोंगाटाला आळा घालणारी ही मर्यादा गरीब जोडप्याला मात्र महाग पडे : माल्ट जितका कमी, तितका गल्ला कमी.