नळ दिसतो, पाणी मिळत नाही : शोधनिबंध आणि आपण

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढलं. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेतल्या त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. बसायला घरून आणलेलं गोणपाट. तहान लागली की बाकीची मुलं नळ उघडून पाणी पीत. यांना मात्र शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी.

याच जिल्ह्यातल्या पाचगणीत बसून मी हे लिहितोय. एमए करत होतो तोपर्यंत विद्यापीठाच्या लॉगिनवर जर्नलं उघडायची. निकाल लागला आणि लॉगिन बंद झालं. आता जातीवर, स्थलांतरावर, वस्त्यांवर नवा शोधनिबंध आला की शीर्षक दिसतं, सारांश दिसतो आणि खाली डॉलरमध्ये किंमत. अस्पृश्यतेच्या यातनेशी या कुलपाची बरोबरी मी करत नाही. पण नळ कोणाच्या हातात, हा प्रश्न तोच आहे.

थोडा इतिहास पाहू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वय २५. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा लेख 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त आला. दोन्ही इंग्रजीत, विद्वानांसाठी. ज्यांच्या जगण्याविषयी ते लिहिलं होतं, त्यांच्यापर्यंत ते पोहोचणार कसं? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, मराठीत. जर्नलमध्ये लिहिणारा माणूसच वस्तीसाठी पाक्षिकही काढतो. ही दोन्ही कामं त्यांनी एकच मानली. आपण मात्र पहिलं काम प्राध्यापकांवर सोडून दिलंय.

जर्नलात नवीन काय आलं हे कळण्याचीही पूर्वी किंमत होती. १९५० च्या दशकात अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 'करंट कंटेंट्स' सुरू केलं. अनेक जर्नलांच्या अनुक्रमणिका एकत्र छापून ते वर्गणीदारांना पाठवत. पुढे इंटरनेट आलं. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आरएसएस नावाची पद्धत आणली. जर्नलची वेबसाइट एक छोटी फाइल ठेवते : नवा लेख, लेखक, सारांश, दुवा. आपल्या मोबाइलमधलं फीड रीडर ती फाइल अधूनमधून तपासतं आणि नवं असेल ते आपल्यासमोर मांडतं. पैसे नाहीत, ओळख सांगायची नाही, आणि काय दाखवायचं हे कुठली कंपनी ठरवत नाही. आपण निवडलेली जर्नलं, तारखेच्या क्रमाने. फेसबुकवर हे होत नाही.

डिसेंबर २००० मध्ये या पद्धतीची १.० आवृत्ती आली. तिच्या लेखकांत अॅरन स्वार्ट्झ हा १४ वर्षांचा मुलगा होता. याच स्वार्ट्झला जानेवारी २०११ मध्ये अटक झाली, कारण त्याने 'जेस्टोर'वरचे लाखो शोधनिबंध उतरवून घेतले होते. खटला चालू असतानाच, ११ जानेवारी २०१३ रोजी त्याने आत्महत्या केली. वय २६. त्याच वर्षी १ जुलैला गुगलनेही आपलं रीडर बंद केलं. फीड मात्र मेलं नाही. बहुतेक जर्नलं आजही ते देतात.

म्हणजे बातमी फुकट, मजकूर कुलपात. सरकारने काय केलं? २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं. चांगलं पाऊल आहे. पण लाभ सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. वस्तीत काम करणारा कार्यकर्ता, शिक्षण सुटलेली मुलगी, खाजगी विनाअनुदानित कॉलेजचा विद्यार्थी यात कुठे आहे? पैसा जनतेचा, मग दार फक्त संस्थेला का?

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' उभं राहिलं. लोकांच्या घरात पुस्तकं, कोणीही यावं, बसून वाचावं. सरकारला हे पुस्तकांच्या बाबतीत जमतं. शोधनिबंधांच्या बाबतीतही प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाला ते जमवून द्यावं, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. फीड रीडर घ्या. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'सारखी नियतकालिकं सारांशापुरती का होईना, नजरेखाली ठेवा. ब्रँडाइस विद्यापीठातून २०२० पासून निघणारं 'कास्ट' हे जर्नल पूर्ण मोफत आहे. 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध खुले आहेत. कुलूपबंद लेख दिसला तर लेखकालाच नम्रपणे ईमेल करा. अनेक जण प्रत पाठवतात. आणि महिन्यातून एकदा बुद्धविहारात एक निबंध मराठीत समजावून सांगा. चुकीचं लिहिलं असेल तर उत्तर लिहा.

आपल्यावर कोण काय लिहितंय हे आपल्यालाच शेवटी कळावं, हे १९१७ मध्ये परवडत नव्हतं. आज तर ते आळसाचं लक्षण ठरेल. 'शिका' या शब्दात हेही येतं.

जय भीम! जय संविधान!