बाळ डोक्यावर पडलं: घरी लक्ष ठेवायचं, की लगेच हॉस्पिटल गाठायचं?

समजा, रात्रीचे साडेनऊ वाजलेत. बोईसरमधल्या एका घरात दीड वर्षाचं मूल पलंगावरून खाली पडतं. धप्प असा आवाज, क्षणभर शांतता आणि मग घर डोक्यावर घेणारं रडणं. बाबा तारापूर एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, फोन लागत नाही. बघता बघता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ येतं. शेजारच्या काकू म्हणतात, बर्फ लाव. सासूबाई फोनवरून सांगतात, काही झालं तरी झोपू देऊ नकोस. मैत्रीण म्हणते, थेट सीटी स्कॅन करून घे, रिस्क नको.

यातला पहिला सल्ला बरोबर आहे, दुसरा अर्धवट बरोबर आहे आणि तिसरा बहुतेक वेळा चुकीचा. पण तो कधी बरोबर ठरतो, हे ओळखणं महत्त्वाचं. पालघर जिल्ह्यात तर जास्तच, कारण इथे मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर नसतं.

आधी थोडा दिलासा

लहान मुलांच्या डोक्याच्या मारावरचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा अभ्यास २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याला ‘पेकार्न’ अभ्यास म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या २५ इमर्जन्सी विभागांमध्ये डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांची नोंद त्यात आहे. शुद्ध हरपून, फार गंभीर अवस्थेत आलेली मुलं यात धरली नव्हती. बाकीच्यांपैकी मेंदूला खरोखर गंभीर इजा निघाली ३७६ मुलांना. म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली ती ६० मुलांवर.

शिवाय ही सगळी हॉस्पिटलपर्यंत आणलेली मुलं होती. घरात रोज धडपडणारी आणि पाच मिनिटांत पुन्हा पलंगावर चढणारी मुलं यात नाहीतच.

टेंगूळ मोठं म्हणजे मार मोठा, असं सरळ गणित नसतं. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि खाली लगेच हाड, त्यामुळे साचलेलं रक्त बाहेरच्या बाजूला फुगतं. कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयंकर असतं, पण कपाळाचं हाड तुलनेनं जाड असतं. डॉक्टरांना जास्त काळजी वाटते ती कानाच्या वरच्या आणि मागच्या बाजूच्या सुजेची. कानशिलाजवळ हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला तर तिथून रक्तस्राव होऊ शकतो. त्यात सूज टणक नसून पाणी भरल्यासारखी लिबलिबीत लागत असेल, तर मूल खेळत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. केसांत ही सूज दिसत नाही, म्हणून पडल्यावर पूर्ण डोक्यावरून हलका हात फिरवून बघायचा. टाळूवर मात्र दाबायचं नाही.

डॉक्टर मनात कोणते प्रश्न विचारतात?

पेकार्न अभ्यासातून दोन वर्षांखालच्या मुलांसाठी एक नियम तयार झाला. तो सहा प्रश्नांचा आहे. मूल नेहमीसारखं सावध आहे का, की गुंगीत, चिडचिडं, प्रतिसाद न देणारं आहे? कवटीचं हाड तुटल्याचं हाताला लागतं का? कपाळ सोडून डोक्यावर इतर कुठे सूज आहे का? पाच सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शुद्ध गेली होती का? मार जोराचा होता का? आणि शेवटचा प्रश्न आई-वडिलांना, ‘तुमचं मूल तुम्हाला नेहमीसारखं वाटतंय का?’

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ हे आईचं म्हणणं इथे घाबरटपणा नाही, निदानाचा भाग आहे.

सहाही प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता पाच हजारांत एकापेक्षाही कमी निघाली. पहिल्या दोनपैकी एक जरी गोष्ट बिघडलेली असेल, तर ती शंभरात साधारण चारवर जाते आणि तिथे सीटी स्कॅन लागतोच. उरलेल्या चारपैकी एखादी असेल तर शक्यता शंभरात एकाच्या आसपास. तिथे डॉक्टर मुलाला काही तास समोर ठेवून बघतात आणि मग ठरवतात.

‘जोराचा मार’ म्हणजे दोन वर्षांखालच्या मुलासाठी तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडणं. दोन वर्षांवरच्यांसाठी पाच फूट. पलंग किंवा दिवाण साधारण दीड-दोन फुटांचा असतो. स्वयंपाकघरातला ओटा तीन फुटांच्या जवळ जातो आणि बाळाला त्यावर बसवून भरवायची सवय खूप घरांत आहे. मोठ्या माणसाच्या कडेवरून निसटलेलं मूलही तीन फुटांच्या आसपासहून पडतं, हे पटकन लक्षात येत नाही. जिन्यावरून गडगडणं किंवा दोरी सुटून झोळीतून कोब्यावर आपटणं दाखवण्यासारखंच. बाइकच्या टाकीवर बसवलेलं मूल पडलं तर उंची मोजत बसू नका. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाला आहे. रस्त्यावर तो पाळलेला किती दिसतो, हे तुम्हीच आठवून बघा.

उंची कमी म्हणजे धोका शून्य, असंही नाही. १ फेब्रुवारी २०१९ ला डहाणू-तलासरी पट्ट्यात एकाच दिवसात भूकंपाचे अनेक धक्के बसले, त्यातला सगळ्यात मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या गोंधळात घराबाहेर पळताना पडून डोक्याला मार लागल्यानं दोन वर्षांची एक मुलगी गेली. उंची जवळजवळ काहीच नव्हती. म्हणून उंचीबरोबर वेग आणि ज्यावर डोकं आपटलं ती वस्तू (दगड, पायरीची कड, लोखंडी कोपरा) हेही डॉक्टरांना सांगायचं.

थांबायचंच नाही, अशी लक्षणं

पडल्यावर मूल बेशुद्ध झालं, उठवून नीट जागं होत नाही, आकडी आली, हातपाय एका बाजूनं लुळे वाटतात किंवा चालणारं मूल अचानक तोल जाऊन पडायला लागलं. नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखं काही येतंय. डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात. टाळू फुगून ताठ झालीय. हाड आत दबल्यासारखं लागतं. काही केल्या रडणं थांबत नाही, किंवा उलट मूल विचित्र शांत झालंय. यातलं एकही दिसलं तर रात्र, पाऊस, खर्च यांचा विचार न करता निघा.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर टेंगूळ छोटं असलं तरी दाखवाच. हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा आजार असेल तरीही.

उलटीबद्दल गोंधळ फार असतो. खूप रडल्यावर एकदा उलटी होणं नेहमीचं आहे, त्यावरून घाबरायला नको. दुसरी झाली तर डॉक्टरांना फोन करा. तिसऱ्यांदा झाली तर निघा.

पालघर-बोईसरमध्ये हिशोब वेगळा का?

बोईसर स्टेशन चर्चगेटपासून रुळाच्या अंतरानं शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे आहे. परळचं वाडिया हे मुलांचं मोठं हॉस्पिटल गाठायचं तर रस्त्यानं चिल्हार फाट्यावरून किंवा मनोरहून हायवे पकडायचा आणि कोंडी नसावी अशी प्रार्थना करायची. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरमधल्या एका महिलेच्या अंगावर झाडाची फांदी पडली आणि डोक्यालाही मार लागला. पालघरमध्ये ट्रॉमा सेंटर नसल्यानं तिला मुंबईला पाठवण्यात आलं. अ‍ॅम्ब्युलन्स हायवेच्या कोंडीत काही तास अडकली. शेवटी वाटेत मिरा रोडच्या एका हॉस्पिटलकडे वळवली, पण तोवर उशीर झाला होता.

म्हणून इथल्या पालकांसाठी ‘चार-सहा तास लक्ष ठेवा’ या सल्ल्याचा अर्थ थोडा बदलतो. दादर-ठाण्यात राहणारं कुटुंब घरी बसून लक्ष ठेवू शकतं. बिघडलं तर अर्ध्या तासात हॉस्पिटल. विक्रमगडच्या पाड्यावर किंवा मुरबे-नांदगावच्या किनाऱ्यावर तसं नसतं. मुलात मधली लक्षणं असतील (कानावरची सूज, काही सेकंद शुद्ध जाणं, ओट्यावरून पडणं) तर ते चार-सहा तास हॉस्पिटलच्या आवारात काढा, नाहीतर निदान त्याच गावातल्या नातेवाइकाकडे. मूल ठणठणीत दिसत असलं तरी. आणि सगळंच नेहमीसारखं असेल तर घरीच राहा, उगाच मध्यरात्री हायवेवर जाऊ नका.

मूल बेशुद्ध असेल किंवा आकडी येत असेल तर स्वतःच्या गाडीनं थेट मुंबईचा रस्ता धरणं चूक आहे. आधी सगळ्यात जवळचं, डॉक्टर आणि ऑक्सिजन असलेलं हॉस्पिटल गाठा. ते सरकारी आहे की खासगी, हा प्रश्न नंतरचा. सरकारीमध्ये डहाणू, कासा, जव्हारची उपजिल्हा रुग्णालयं आणि ठिकठिकाणची ग्रामीण रुग्णालयं आहेत. श्वास आणि झटके ताब्यात आणून, वाटेत काळजी घेणारं माणूस सोबत देऊन पुढे पाठवणं यालाच रेफर करणं म्हणतात.

मूल शुद्धीत आहे पण दाखवायलाच हवं, अशा वेळी निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून तीन गोष्टी विचारा. आत्ता सीटी स्कॅन सुरू आहे का? एवढ्या लहान मुलाला झोपेचं औषध द्यावं लागलं तर भूलतज्ज्ञ येतील का? गरज पडली तर न्यूरोसर्जन कुठे मिळेल? ‘या, बघू’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडेही फोन लावा. हे नंबर आजच, शांतपणे शोधून फ्रिजवर लावून ठेवलेले बरे.

१०८ ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि तिच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतो. फोनवर आधी मुलाचं वय आणि ‘शुद्धीत आहे की नाही’ हे सांगा, मग पाड्याचं नाव आणि जवळची ठळक खूण.

घरी काय करायचं, काय नाही

बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं टेंगळावर धरा. टेंगूळ चोळू नका, चोळून ‘बसवायचा’ प्रयत्न नको. खोक पडली असेल तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबा, मध्ये उचलून बघू नका. हाड दबल्यासारखं वाटत असेल तर मात्र जोरात दाबायचं नाही. हळद, चुना, टूथपेस्ट जखमेत भरू नका, डॉक्टरांना ती साफ करण्यातच वेळ घालवावा लागतो. दृष्ट काढायची तर जरूर काढा, त्यानं काही बिघडत नाही. फक्त निघायची लक्षणं असतील तर आल्यावर काढा.

दुखतंय असं वाटलं तर पॅरासिटामॉल चालतं, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. पण बाटली नीट वाचा. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा खूप तीव्र असतं आणि सिरपही वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. अ‍ॅस्पिरिन नको, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता सासूबाईंचा सल्ला. झोपू द्यायचं नाही, यामागे एक खरी गोष्ट आहे. कधीकधी कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचतं. मूल आधी बरं दिसतं आणि काही तासांनी गुंगीत जातं. ही गुंगी झोपेसारखीच दिसते, म्हणून भीती. पण दमलेल्या, रडून थकलेल्या मुलाला रात्रभर जागं ठेवून काही साधत नाही, उलट चिडचिड कशाची हेच कळेनासं होतं. पहिला तास जमल्यास खेळवत ठेवा आणि नीट बघा. सगळं ठीक असेल तर झोपू द्या, रात्रीतून एक-दोनदा हलवून बघा. कुरकुर करून कूस बदलली, हात झटकला, आईला ओळखलं, म्हणजे ठीक.

सीटी स्कॅनला नाही कधी म्हणायचं?

डॉक्टर ‘स्कॅन नको, इथे चार तास बसा’ म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो आणि वाढत्या वयातल्या पेशींना त्याचा त्रास जास्त होऊ शकतो. शिवाय दीड वर्षाचं मूल मशीनमध्ये स्थिर पडून राहत नाही, अनेकदा झोपेचं औषध द्यावं लागतं. साध्या एक्स-रेमध्ये मेंदू दिसत नाही, त्यामुळे तो ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. पण डॉक्टरांनी तपासून स्कॅन सांगितला, तर किरणांच्या भीतीनं नकार देऊ नका.

तिथे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाईल, नेमकं कसं पडलं? उत्तर खरं द्या. बऱ्याच घरांत मूल मोठ्या भावंडाकडे किंवा सांभाळणाऱ्या ताईंकडे असतं आणि ओरडा बसेल म्हणून ‘असंच खेळताना पडलं’ सांगितलं जातं. ओटा की चटई, एवढ्या फरकावर डॉक्टरांचा निर्णय बदलतो. घरात आधीच सांगून ठेवा की बाळ पडलं तर रागवणार नाही, फक्त लगेच सांगायचं.

पुढचे दोन दिवस त्याच लक्षणांवर नजर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक घाबरवणारी गोष्ट दिसू शकते. कपाळावरचं साचलेलं रक्त खाली उतरतं आणि पापणी, डोळ्याखालची जागा काळीनिळी होते. टेंगूळ कपाळावर होतं, मूल खातंय, खेळतंय, तर हा रंग काही दिवसांत हिरवट-पिवळा होऊन जातो. पण कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळसर डाग उमटला, तर तो कवटीच्या तळाला तडा गेल्याची खूण असू शकतो. तेव्हा सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही.